तक्रारपेटीची बाई

स्टेजवर जायच्या आधी बाई भिंतीकडे तोंड करून डबा खायची. कॉलेजचं गॅदरिंग असो, गणपतीचा मांडव असो की एखाद्या क्लबचा हॉल, ती एक कोपरा शोधायची, खुर्ची भिंतीकडे वळवायची आणि चपाती-भाजी, नाहीतर भाकरी आणि सुकटाची चटणी शांतपणे संपवायची. मग डबा धुऊन पर्समध्ये टाकायची, पर्स माइकच्या स्टँडला अडकवायची आणि ओरडायला लागायची. अंगावर ऑफिसला नेसलेली सुती साडीच असायची. पंक गाणारी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांपुढे रंगवलेले केस, फाटके कपडे असं जे काही येतं, त्यातलं तिच्याकडे काहीच नव्हतं. वेणीसुद्धा शाळेतल्या मुलीसारखी घट्ट.

आम्ही तिला बाई म्हणायचो आणि अगं-तुगंही करायचो. ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. शाळेतल्या बाईंसारखी आमच्या चुका काढायची म्हणून ड्रम वाजवणाऱ्या दिन्याने तिला हे नाव दिलं आणि ते चिकटलं. मला ती पेटी म्हणायची. खरं नाव तिला माहीत होतं, घरी फोन केला की माझ्या आईशी बोलताना ती ते व्यवस्थित घ्यायची. पण मी समोर आलो की पेटी.

दिवसा ती घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर होती. तिथला तिचा आवाज वेगळाच होता. मऊ, स्वच्छ, कुठेही घाई न करणारा. "नमस्कार, कोणाशी बोलायचंय आपल्याला?" पलीकडचा माणूस कितीही घाबरलेला असला तरी दोन वाक्यांत सावरायचा. मी एकदा तिला विचारलं होतं, की दिवसभर इतकं गोड बोलून संध्याकाळी असं ओरडायला जमतं कसं. ती म्हणाली, "दिवसभर मी सगळ्यांना हो साहेब, हो साहेब म्हणते. ते साचतं रे. कुठेतरी सांडायला नको का?"

बँड सुरू झाला तेव्हा मी त्यात नव्हतो. बाई, दिन्या आणि गिटार वाजवणारा फ्रान्सिस, हे तिघे विक्रोळीचे. बाईचे वडील गिरणीतले, मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर कन्नमवार नगरात भावाकडे येऊन राहिलेले. फ्रान्सिसचा मामा बोटीवर होता. त्याने आणलेल्या कॅसेटींमध्ये पंक नावाचं काहीतरी होतं. तीन सूर, भरपूर आवाज, आणि जे बोलायचंय ते बोलून मोकळं व्हायचं. इंग्रजी शब्द त्यांना अर्धेमुर्धे कळायचे. बाईने ते ऐकलं आणि म्हणाली, "हा माणूस तक्रार करतोय. मला याच्यापेक्षा जास्त तक्रारी माहीत आहेत." बँडचं नाव पडलं 'तक्रार'.

दिन्याच्या चुलत्याचा भांडुपला पत्र्याचे डबे बनवायचा गाळा होता. रविवारी तिथे तालीम चालायची. शेजारच्या गाळ्यांमधली मशीनं रविवारीही चालू असायची, त्यामुळे आमच्या आवाजाबद्दल कोणी काही बोललं नाही. तालमीआधी बाई सगळा गाळा स्वतः झाडून काढायची. तोवर आम्ही बाहेर उभे.

मी मुलुंडचा. आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये दर गुरुवारी भजन असायचं आणि मी पेटी वाजवायचो. एका गुरुवारी बाई तिच्या कुठल्याशा मैत्रिणीबरोबर आली, शेवटपर्यंत मागे बसून राहिली, आणि प्रसाद वाटून झाल्यावर सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तू हे उभं राहून वाजवशील का?"

"पेटी? उभं राहून?"

"पेटी नको. तसलंच विजेवर चालणारं असतं ना, कीबोर्ड. फ्रान्सिसच्या चर्चमध्ये एक पडून आहे."

"मला भजनाशिवाय काही येत नाही."

"आम्हाला तेही येत नाही," ती म्हणाली. "रविवारी ये."

मी गेलो. तिने मला एक गाणं ऐकवलं. त्याचे शब्द आजही तसेच आहेत:

नळ उघडा ठेव, पाणी येणार नाही
बादली खाली ठेव, पाणी येणार नाही
साहेब म्हणाले येईल
पाणी येणार नाही

संपलं. मी पुढच्या कडव्याची वाट बघत होतो. बाई म्हणाली, "सांगून झालं ना? मग कशाला लांबवायचं?" मी आल्यावर बँडचं नाव 'तक्रारपेटी' झालं. तेही तिनेच ठेवलं.

गाणं करायची तिची एक रीत होती. राग आला की लगेच शब्द जुळवायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर जायचं, परत यायचं, आणि तरीही राग शिल्लक असेल तर गाणं करायचं. "पहिल्या दिवशीचा राग आपला असतो," ती म्हणायची. "दुसऱ्या दिवशी उरतो तो सगळ्यांचा असतो." देवनारच्या कचऱ्याच्या धुरावरचं, बिल्डिंगच्या बंद लिफ्टवरचं, रेशनच्या दुकानातल्या काट्यावरचं, अशी सगळी गाणी या चाळणीतून आलेली. स्वतःवर तिने एकही केलं नव्हतं. तिने लग्न केलं नाही, त्यावर नातेवाईक बोलायचे, त्याचाही तिला राग यायचा. दिन्याने एकदा सुचवलं, की यावर कर ना काहीतरी. "तो दुसऱ्या दिवशी उरत नाही," ती म्हणाली.

आमचं सगळ्यात गाजलेलं गाणं तिच्या कामातून आलं. हॉस्पिटलातल्या वरच्या साहेबांशी बोलायचं म्हणून लोक फोन करायचे आणि बाईला त्यांना होल्डवर ठेवावं लागायचं. तेव्हा फोनमध्ये एक टिंग टिंग सूर वाजायचा. तो सूर मी कीबोर्डवर बसवला आणि त्यावर ती तिच्या ऑपरेटरच्या मऊ आवाजात गायची:

होल्ड करा, साहेब जेवतायत
होल्ड करा, साहेब झोपलेत
होल्ड करा, साहेब वारले
होल्ड करा, नवे साहेब जेवतायत

दुसऱ्या ओळीपासूनच दिन्या आणि फ्रान्सिस त्यावर तुटून पडायचे. कॉलेजांमध्ये हे गाणं खूप चाललं. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली, कुठे कुठे बोलावणी यायला लागली. आमची एक कॅसेटही निघाली.

त्याच गाण्याने वाट लावली असंही म्हणता येईल. मला त्या टिंग टिंगची गोडी लागली. फ्रान्सिसचा मामा आता वेगळ्या कॅसेटी आणत होता. न्यू वेव्ह म्हणायचे त्याला. पंकचीच माणसं, पण आता राग थोडा थंड झालेला, कीबोर्ड पुढे आलेला, आणि पायांना ठेका मिळालेला. मी नवा कीबोर्ड घेतला. गाणी लांबायला लागली. फ्रान्सिसलाही ते आवडत होतं. मग बोरिवलीच्या एका कार्यक्रमानंतर तिने पर्स स्टँडवरून काढली आणि म्हणाली, "लोक डोलत होते."

"मग? चांगलं ना," मी म्हणालो.

"मी पाणी येणार नाही म्हणतेय आणि लोक डोलतायत. मला जमणार नाही हे, पेटी. तुम्ही वाजवा. मी ऐकायला येईन."

आम्हाला वाटलं, चार दिवसांत राग जाईल. पण ती रागावलीच नव्हती. तिने खरंच बँड सोडला. गाण्यांवर हक्क सांगितला नाही, नाव काढून घेतलं नाही. उलट दर शनिवारी संध्याकाळी आम्हा सगळ्यांच्या घरी तिचा फोन यायचा, त्याच मऊ आवाजात: "उद्या तालीम आहे. वेळेवर जा." तिच्याशिवाय हे काम कोण करणार, असं तिला वाटायचं, आणि ते बरोबर होतं.

आम्ही एक नवा गायक घेतला. बोरिवलीचा होता, गाणं शिकलेला, दिसायला देखणा. लोकांना तो आवडायचा. बाई दर कार्यक्रमाला तिकीट काढून यायची आणि पहिल्या रांगेत बसायची. टाळ्या वाजवायची नाही. त्या पोराला फार त्रास व्हायचा. "ती बाई माझ्या तोंडाकडे बघत बसते," तो म्हणायचा. आम्ही तिला जरा मागे बसायला सांगितलं तर म्हणाली, "मागून शब्द ऐकू येत नाहीत."

वर्षभर हे असंच चाललं असेल. मग कांदिवलीला एका मैदानात कार्यक्रम होता. गर्दी चांगली होती. 'पाणी येणार नाही' चालू होतं. त्या पोराला काय वाटलं कोण जाणे, कदाचित समोरच्या लोकांना बरं वाटावं म्हणून असेल, शेवटी त्याने गायलं, "पाणी येईल एक दिवस."

बाई उठून उभी राहिली. "तसं नाहीये ते," ती म्हणाली. माइक नव्हता, पण मला कीबोर्डमागे ऐकू आलं. दिन्याने वाजवणं थांबवलं. गायक गोंधळला. बाई पायऱ्यांवरून वर आली, पर्स माइकच्या स्टँडला अडकवली, आणि त्या पोराला हळूच म्हणाली, "बाळा, येत नाही रे पाणी. आमच्याकडे आजही नाही आलं." मग तिने ते गाणं म्हटलं. मी टिंग टिंग काही न करता तीन सूर दाबून धरले. त्या मुलाला वाईट वाटलं असणार, पण तो चांगला होता. स्टेजच्या कडेला उभा राहून शेवटच्या ओळीला तो तिच्याबरोबर ओरडला. नंतर तो भावगीतांकडे गेला आणि त्याचं चांगलं झालं.

बाई परत आली ती कायमची. त्यानंतरची इतकी वर्षं बँड चालू राहिला, म्हणजे कधी महिन्यातून दोनदा, कधी वर्षातून एकदा. बेस गिटार वाजवणारे आले आणि गेले. आमची लग्नं झाली, पोरं झाली. मी विमा कंपनीत लागलो, तिथूनच रिटायर झालो. भांडुपचा गाळा पडला, तिथे टॉवर झाला. कॅसेटी बंद झाल्या. पण शनिवारचा फोन येत राहिला. मोबाइल आल्यावर ग्रुपवर मेसेज टाक म्हटलं, तर म्हणाली, "मेसेजला तू काय म्हणालास ते ऐकू येत नाही."

ऐकू येण्याचीच गोष्ट मग आली. आधी मला फोनवर कळलं. ती "काय?" म्हणायला लागली. सबंध नोकरीभर हेडफोन डाव्या कानावर, आणि स्टेजवर उजवीकडे फ्रान्सिसचा अँप्लिफायर. "डावा कान हॉस्पिटलला दिला, उजवा फ्रान्सिसला," ती सांगायची. फ्रान्सिस ओशाळा व्हायचा. डावा जवळजवळ गेला होता, उजवा अर्धा.

नेमकं त्याच सुमारास आमची जुनी कॅसेट कोणीतरी इंटरनेटवर टाकली आणि विशीतली मुलं ती ऐकायला लागली. अंधेरीला एक छोटा हॉल चालवणाऱ्या मुलीने फ्रान्सिसला शोधून काढलं. तिला तक्रारपेटीचा कार्यक्रम करायचा होता. बाई लगेच हो म्हणाली. दोन दिवसांनी तिचा धाकटा भाऊ, ज्याच्याकडे ती राहायची, मुलुंडला माझ्याकडे आला.

"डॉक्टर काय म्हणाले ते तिने सांगितलं नसेल तुम्हाला," तो म्हणाला. "मोठ्या आवाजात उभी राहिली तर उरलेला कानही जाईल. तुमचं ऐकते ती. तुम्ही सांगा."

"माझं कधी ऐकलंय तिने?"

"मग आमचं तर तेवढंही नाही ऐकत. जाऊन तर या."

मी गेलो. बाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून गवार मोडत होती. मी उभ्यानेच मोठ्याने बोलायला लागलो, तशी म्हणाली, "ओरडू नकोस. समोर बस आणि बोल. भावाने पाठवलं ना?"

"हो."

"तू काय म्हणतोस?"

"मला वाटतं, नको गाऊस. कान जाईल."

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि गवार मोडत राहिली. मीही दोन शेंगा घेतल्या. थोड्या वेळाने ती म्हणाली, "फोनवर बोलताना लाइन गेली ना, की आधी टक् असा आवाज व्हायचा. मग काहीच नाही. त्या माणसाने ठेवला, की तार तुटली, की त्याला तिथे काही झालं, काही कळायचं नाही. मला ते नंतरचं काहीच-नाही आवडायचं नाही. मी लगेच दुसरी लाइन घ्यायची. आता दुसरी लाइन कुठून आणू?"

इतक्या वर्षांत मी तिला घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "मग कार्यक्रम रद्द करू. त्या मुलीला मी सांगतो."

"नाही गायले तरी हळूहळू जाणारच आहे, असंही डॉक्टर म्हणालाय. भावाने ते नाही सांगितलं?"

"नाही."

"मला सांग पेटी, मोठा आवाज कोणाचा असतो? माझा नसतो. तुमचा असतो. तुम्ही हळू वाजवू शकता का?"

"पंक? हळू?"

"तीनच सूर आहेत. हळू वाजवले तर कमी होतात का?"

दिन्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आयुष्यभर मला सांगितलं जोरात वाजव. आता काय टाळ घेऊन बसू?" पण पुढच्या रविवारी तो घरून एक जुनी गोधडी घेऊन आला, तिचे तुकडे करून ड्रमवर टाकले, आणि काठ्यांऐवजी हाताच्या पंजांनी वाजवायला लागला. फ्रान्सिसने विजेची गिटार घरीच ठेवली, साधी लाकडी आणली. मी माझा आवाज इतका कमी केला की कळा दाबल्याचा खटखटाट त्याच्यापेक्षा मोठा यायला लागला. सुरुवातीला फार विचित्र वाटलं. आमच्या चुका आम्हालाच ऐकू येत होत्या. चाळीसएक वर्षं त्या दडून राहिल्या होत्या.

अंधेरीचा हॉल भरला होता. पोरं उड्या मारायच्या तयारीने आली होती. बाईने डबा खाल्ला, वर गेली. पहिलं गाणं सुरू झालं आणि मागून कोणीतरी ओरडलं, आवाज वाढवा. मग आणखी चार-पाच जण. तिला ऐकू आलं नाही. मी तिच्या उजव्या बाजूला वाकून सांगितलं. तिने माइक हातात घेतला.

"आवाज एवढाच आहे," ती म्हणाली. "ऐकायचं असेल त्यांनी पुढे या."

बरेच जण निघून गेले. मी वाजवता वाजवता दारातून जाणारी डोकी बघत होतो. फ्रान्सिसने माझ्याकडे पाहिलं, मी मान फिरवली. जे उरले ते पुढे आले. काही जण जमिनीवर बसले. मग 'होल्ड करा' आलं. "साहेब वारले" म्हणाल्यावर सगळे हसले. इतक्या वर्षांत त्या ओळीला कोणी हसलं नव्हतं, कारण ती कोणाला नीट ऐकूच गेली नव्हती. बाईने ते हसू ऐकलं की पाहिलं, मला माहीत नाही. ती क्षणभर थांबली आणि मग पुढची ओळ तिने आणखी मऊ आवाजात घेतली.

परतताना रिक्षात मी तिच्या उजव्या बाजूला बसलो.

"अर्धे गेले ना?" तिने विचारलं.

"अर्ध्याहून जास्त."

"राहिले ते कोण होते?"

"सगळे होते. मुलं होती. आपल्या वयाच्या बायकाही होत्या बऱ्याच. दोघी-तिघी हॉस्पिटलातल्या होत्या बहुतेक, तुला हात करत होत्या."

"मग पुढच्या वेळी खुर्च्या ठेवा म्हणावं त्या मुलीला," बाई म्हणाली. "बायकांना असं जमिनीवर बसायला लावायचं नाही. गुडघे दुखतात."

त्या मुलीने खुर्च्या ठेवल्या. त्यानंतर आम्ही असे बरेच कार्यक्रम केले. ठाण्याला, मुलुंडला, एकदा तर एका वाचनालयात. तिच्या भावाने माझ्याशी सहा महिने बोलणं टाकलं होतं, मग वाचनालयात तो स्वतःच आला आणि पहिल्या रांगेत बसला. उजवा कान त्या कार्यक्रमांमुळे गेला असं डॉक्टर म्हणाले नाहीत. तो ज्या वेगाने जाणार होता त्याच वेगाने गेला, गेल्या वर्षी. आता मशीन लावलं की तिला आवाज आहे एवढं कळतं, कसला ते कळत नाही. शनिवारचा फोन आता मी करतो, दिन्याला आणि फ्रान्सिसला. बाईकडे आम्ही रविवारी सरळ जातो; समोर बसून सावकाश बोललं की ओठांवरून तिला बरंचसं कळतं.

मध्यंतरी तिने एक नवं गाणं केलं. पेन्शनच्या कामासाठी ती एका ऑफिसात गेली होती. खिडकीतला माणूस काहीतरी सांगत होता, तिला ऐकू येत नव्हतं, ती म्हणत होती पुन्हा सांगा. तो वैतागला आणि मागच्या लोकांकडे बघून हसला. दुसऱ्या दिवशीही राग उरला होता म्हणे. स्वतःवरचं तिचं हे पहिलं गाणं, असं मी म्हणालो, तर ते तिला मान्य नाही. गाणं साधं आहे. आम्ही तिघांनी साहेब व्हायचं आणि एकेक वाक्य म्हणायचं. काम झालंय. पुढच्या महिन्यात येईल. वरून ऑर्डर आली की होईल. प्रत्येक वाक्यावर ती म्हणते, पुन्हा सांगा.

पहिल्यांदा बसवताना अडचण आली. तिला आमचं वाजवणं ऐकू येत नव्हतं, त्यामुळे ती कुठे आहे आणि आम्ही कुठे, याचा मेळ लागेना. दिन्या तिच्यासमोर जाऊन खुणा करायला लागला. तिने त्याला खाली बसवलं.

"माझ्या पायाकडे बघा," ती म्हणाली. "पाय चालतोय तोवर वाजवायचं. थांबला की थांबायचं. बाकी काही बघू नका."

तिने चप्पल काढली आणि पाय फरशीवर आपटायला सुरुवात केली. दिन्याने ठेका धरला. गेल्या रविवारी आम्ही ते गाणं पहिल्यांदा शेवटपर्यंत नेलं. काम झालंय, म्हणालो. पुन्हा सांगा, ती म्हणाली. पुढच्या महिन्यात येईल. पुन्हा सांगा. ठरलेली वाक्यं संपली. फ्रान्सिसने माझ्याकडे पाहिलं, आता काय? मी खाली पाहिलं. तिचा पाय चालूच होता. मी पहिलं वाक्य पुन्हा घेतलं.